‘ड्राय’ स्प्रिंकलरमध्ये पाणी नसतं?

भोसरी-चाकणच्या ग्रुपांवर आग विझवणाऱ्या स्प्रिंकलरबद्दल एक मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय: ‘गोठवणाऱ्या थंडीत पाण्याचा स्प्रिंकलर चालत नाही, तिथे पावडरचा ड्राय स्प्रिंकलर लावतात.’ नावामुळे असं वाटणं साहजिक आहे. पण ड्राय सिस्टिममध्येही आग विझवतं ते पाणीच.

फरक पाइपातला. नेहमीच्या सिस्टिममध्ये पाइप कायम पाण्याने भरलेला असतो. पारा शून्याखाली गेला की ते गोठतं आणि फिटिंग फुटतात. ड्रायमध्ये पाइपात दाबाखालची हवा असते, पाणी उबदार खोलीतल्या व्हॉल्व्हमागे अडवलेलं असतं. उष्णतेने स्प्रिंकलरचा काचेचा बल्ब फुटला की हवा निघून जाते, व्हॉल्व्ह उघडतो, पाणी धावतं. खात्री करायची तर व्हॉल्व्हवरचे दोन गेज बघा: एक हवेचा दाब दाखवतो, दुसरा पाण्याचा.

पुण्यात पाइप गोठत नाहीत म्हणा. पण इथे बनलेला डस्ट कलेक्टर (कारखान्यातली धूळ ओढून पिशव्यांतून गाळणारं यंत्र) थंड देशात उघड्यावर बसणार असेल, तर हा प्रश्न ड्रॉइंगवरच सोडवावा लागतो. ड्रायमध्ये पाणी पोहोचायला थोडा उशीर होतो आणि फिल्टरच्या पिशव्या भराभर पेटतात. म्हणून डिटेक्टरने आधीच व्हॉल्व्ह उघडणारी प्रीअ‍ॅक्शन सिस्टिमही तपासून बघावी. पाइपांना उतार हवाच. चाचणीनंतर साचलेलं पाणीही गोठतं. हॉपरला (धूळ साचते त्या खालच्या नरसाळ्याला) निचरा आणि भिजलेल्या धुळीचं वजन पेलणारे पायही हवेत.

धुळीचा स्फोट मात्र यातली कुठलीच सिस्टिम थांबवत नाही, तो क्षणार्धात होतो. त्यासाठी एक्सप्लोजन व्हेंटसारखी (स्फोटाचा दाब बाहेर सोडणाऱ्या झडपेसारखी) सोय वेगळी करावी लागते.