शाळेची सरासरी घसरली म्हणजे शिकवणे बिघडले का?

अमेरिकेत घर शोधणाऱ्या मराठी कुटुंबांतही एक समज रूढ आहे: उपनगरातील सरकारी शाळेची हद्द (ज्या भागातील मुलांना ती शाळा मिळते तो भाग) बदलून कमी उत्पन्नाच्या घरांतील मुले आली आणि सरासरी घसरली, की तिथले शिकवणे बिघडले असे मानावे.

घसरण खरी असू शकते. तिचा हा अर्थ मात्र आपोआप निघत नाही. शंभर मुलांची सरासरी ८० आहे असे धरू. तेवढ्याच सरासरीची २५ मुले दुसऱ्या शाळेत गेली आणि ६० सरासरीची २५ आली, तर शाळेची सरासरी ७५ होते, जरी एकाही मुलाचा एकही गुण कमी झालेला नसला तरी. चाचणीतील गुणांचा कौटुंबिक उत्पन्नाशी निकटचा संबंध असल्याने केवळ सरासरीवरून शिक्षकांचे काम जोखता येत नाही.

पडताळणीसाठी प्रत्येक राज्य दरवर्षी प्रसिद्ध करते ते शाळानिहाय प्रगतिपत्रक पाहावे. त्यात आर्थिक गटानुसार वेगळे निकाल असतात, आणि अनेक राज्ये त्याच मुलांची वर्षभरातील प्रगतीही देतात. माझ्या मते हा आकडा सर्वांत बोलका.

शाळेत किती मुले गरीब घरांतील आहेत याचा अंदाज बांधण्यासाठी मोफत भोजन मिळणाऱ्या मुलांचे प्रमाण पाहिले जाते; ते मात्र जपून वाचावे. २०१४-१५ पासून देशभरातील पात्र शाळा अर्ज न मागवता सर्वांनाच मोफत जेवण देऊ शकतात, त्यामुळे तिथे शंभर टक्के दिसले तरी प्रत्येक घर गरीब असते असे नाही.

हद्दबदलाचा परिणाम शून्य असतो, असे नव्हे. अनुभवी शिक्षक सोडून गेले किंवा पालकांच्या देणग्या आटल्या, तर शाळेला झळ बसते. पण ती स्वतंत्रपणे तपासावी लागते.