मेंदूतली तार कुठून कुठे जाते?

मेंदूचा पातळ काप न रंगवता सूक्ष्मदर्शकाखाली धरला तर जवळजवळ काहीच दिसत नाही. सगळ्या पेशी रंगवल्या तर पंचाईत उलटी: इतकी गिचमिड की एकही धागा सुटा दिसत नाही.

1873 मध्ये इटलीच्या कामिल्लो गोल्जी यांनी ऊती आधी पोटॅशियम डायक्रोमेटमध्ये आणि मग सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवून ठेवली. मोजक्याच पेशी काळ्या झाल्या, पण झाल्या त्या फांद्या-शेपटासकट. स्पेनचे सांतियागो रामोन इ काहाल यांनी हीच पद्धत भ्रूणांवर आणि पिल्लांवर वापरली, कारण त्या वयात तंतूंवर मायलिनचं, म्हणजे रंगाला अडवणारं चरबीयुक्त, वेष्टण पुरतं चढलेलं नसतं. त्यांना प्रत्येक पेशी सुटी दिसली. गोल्जींना मात्र सलग जाळं दिसत राहिलं. 1906 चं नोबेल दोघांना विभागून मिळालं आणि गोल्जींनी व्यासपीठावरूनच काहालच्या मताचा प्रतिवाद केला. पेशींमधली फट प्रत्यक्ष दिसली ती 1950 च्या दशकात, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून.

हे झालं शेजारपाजाऱ्यांचं. लांबवर जाणारी तार कापाबाहेर निसटते, तिचं काय? त्याची किल्ली आधीच हाती आली होती. 1850 मध्ये ऑगस्टस वॉलर यांनी बेडकाच्या जिभेच्या नसा कापून दाखवलं, की पेशीपासून तुटलेला तंतूचा भाग झिजून जातो. मग एका भागाला इजा करायची आणि झिजलेले तंतू कुठवर पोचतात ते पाहायचं, हाच शिरस्ता पडला. 1950 च्या दशकात वाल्ले नाउटा यांच्या चांदीच्या क्षारांनी रंगवण्याच्या पद्धतीमुळे बारीक तंतूही सापडू लागले. खोट एकच, पण मोठी: त्या जागेतून नुसते पुढे जाणारे तंतूही कापले जात आणि हिशेबात भलतीच नावं येत.

खरी कलाटणी माझ्या मते 1970 च्या दशकाच्या सुरुवातीची. पेशी आपल्या तंतूतून माल ने-आण करते, तेव्हा त्या मालातच खूण मिसळायची! किरणोत्सारी अमिनो आम्ल पेशी स्वतः उचलते, त्याची प्रथिनं बनवून पुढे टोकापर्यंत धाडते. उलट, टोकाशी शिरलेलं पेरॉक्सिडेज हे विकर (एन्झाइम) मागे पेशीपर्यंत येतं. ‘कुठे’ आणि ‘कुठून’, दोन्हींचा पत्ता लागला.

अशा शोधनिबंधांची चळत जमल्यावर 1991 मध्ये फेलमन आणि व्हॅन एसेन यांनी मकाक माकडाच्या दृष्टीशी निगडित 32 क्षेत्रांमधल्या 305 जोडण्या एका आराखड्यात मांडल्या. 2014 मध्ये अमेरिकेतल्या अ‍ॅलन इन्स्टिट्यूट या मेंदू-संशोधन संस्थेने उंदराच्या अख्ख्या मेंदूचा नकाशा केला. शेकडो उंदरांना हिरव्या चमकत्या प्रथिनाचं जनुक वाहणाऱ्या विषाणूची टोचणी, आणि तंतू हिरवे चमकणारे.

माणसाला अशी टोचणी देता येत नाही. तिथे एमआरआयवर पाण्याच्या हालचालीवरून तंतूंचा अंदाज बांधतात. संदेश कोणत्या दिशेने जातो, हे त्यातून कळत नाही.




2025 मध्ये उंदराच्या दृष्टीशी निगडित बाह्यकातला (मेंदूच्या बाहेरच्या थरातला) एक घन मिलिमीटर तुकडा तारेन् तार उलगडून प्रसिद्ध झाला. त्यात पेशी-पेशींमधले 50 कोटींहून जास्त सांधे आहेत. लांब पल्ल्याचे तंतू मात्र तुकड्याच्या कडेशी येऊन तुटतात.