डायरीतला हा पाटील नक्की कोणता?

जुन्या डायरीत 'म्हात्रे आले, पैसे देऊन गेले' एवढंच लिहिलेलं असतं आणि आपण बसतो डोकं खाजवत. लिहिणाऱ्याला माहीत होतं ना कोणते म्हात्रे, मग तो कशाला फोड करून लिहील. त्यात आपल्या नवी मुंबईतल्या घणसोली, कोपरखैरणे, दिवाळे, करावे या पट्ट्यात पाटील, म्हात्रे, ठाकूर, भोईर, कोळी, घरत, मढवी अशा मोजक्या आडनावांत गावंच्या गावं बसतात. समजा तुमच्या पणजोबांची १९३० च्या आसपासची डायरी माळ्यावर सापडली आणि तीत पानोपानी 'पाटील' आहे, तर तो एक माणूस आहे की सात, हे कसं ठरवायचं? याचं रीतसर शास्त्र आहे, आणि ते बऱ्यापैकी इंटरेस्टिंग आहे.

हा ताप फक्त आपल्यालाच आहे असं नाही. लंडनच्या नौदल ऑफिसातल्या सॅम्युएल पीप्सने १६६० ते १६६९ रोज डायरी लिहिली, तीही शॉर्टहँडमध्ये. तीत पीअर्स नावाचे दोघं येतात, एक सर्जन आणि एक जहाजावरचा पर्सर म्हणजे हिशोब-सामान बघणारा. थॉमस पीप्स नावाचे तर त्याच्या नात्यातच अनेक, त्याचा सख्खा भाऊ टॉम धरून. ऑफिसात सर विल्यम पेन आणि सर विल्यम बॅटन असे दोन सर विल्यम. यातला बॅटन ऑक्टोबर १६६७ मध्ये वारला, म्हणजे त्यानंतर ऑफिसातला 'सर विल्यम' भेटला तर एक नाव आपोआप कटाप. मृत्यूची तारीख हा इतका पक्का पुरावा असतो की डायरी वाचायला घेतल्यावर मी तर आधी कोण कधी गेलं तेच शोधीन.

आता आकड्यांचं बघू. कॅनडातल्या हॉवर्ड न्यूकोम्ब नावाच्या शास्त्रज्ञाने १९५९ मध्ये लग्नाच्या आणि जन्माच्या नोंदी कॉम्प्युटरने जुळवायची पद्धत मांडली, आणि तिथल्याच फेलेगी आणि सुंटर या दोघांनी १९६९ मध्ये तिला पक्कं गणित दिलं. गाभा सोपा आहे, आडनाव जितकं कॉमन तितका ते जुळल्याचा भाव कमी. धरून चला गावात १०० माणसं आहेत आणि ४० पाटील आहेत. डोळे मिटून दोन नोंदी उचलल्या तर दोन्ही पाटलांच्या निघायची शक्यता ०.४ गुणिले ०.४, म्हणजे १०० त १६. काहीच संबंध नसताना! उलट एखादं आडनाव शंभरात एकाच माणसाचं असेल तर तीच शक्यता १०,००० त १. म्हणून 'पाटील' जुळलं म्हणून नाचायचं नाही, ते जवळजवळ फुकटात जुळतं.

मग जोर कशावर द्यायचा? वडिलांचं नाव आणि गाव. इथे आपण इंग्रजांपेक्षा नशीबवान, आपल्याकडे मधलं नाव असतं. उरणजवळ चिरनेरला २५ सप्टेंबर १९३० ला जंगल सत्याग्रहात गोळीबार झाला, त्यातल्या ८ हुतात्म्यांपैकी तिघं पाटील. परशुराम रामा पाटील पाणदिव्याचे, हसुराम बुध्या पाटील खोपट्याचे, आनंदा माया पाटील धाकट्या जुईचे. नुसतं 'पाटील' लिहिलं असतं तर तिघांचा एक माणूस झाला असता, बापाचं नाव आणि गाव आलं की गोंधळच नाही.

पण घरगुती डायरीत पूर्ण नाव कोण लिहितं, म्हणून मग सोबत बघायची. एक पाटील कायम मिठागराच्या हिशोबाबरोबर येतो, दुसरा भजनाला, तिसरा ठाण्याच्या कोर्टाच्या तारखेला. हे तीन असतील किंवा एकच उद्योगी माणूस असेल, नुसत्या सोबतीवरून सांगता येत नाही. पण ज्या दिवशी एक पाटील ठाण्याला कोर्टात आहे त्याच दिवशी दुपारी एक पाटील गावात बांध घालतोय असं दिसलं, की किमान दोन पाटील नक्की. माझ्या मते या कामात 'हा तो असेल' पेक्षा 'हा तो असूच शकत नाही' हा पुरावा कितीतरी भारी.

आणि मराठी डायरीत एक फुकटचा क्लू मिळतो तो म्हणजे क्रियापद. 'पाटील आला' आणि 'पाटील आले' यात वय, मान, नातं सगळं येतं. एकच लिहिणारा एकाच महिन्यात दोन्ही लिहित असेल तर बहुतेक दोन वेगळी माणसं. (अर्थात 'आले' म्हणजे दोघं पाटील एकदम आले असंही असू शकतं, मग बसा मोजत.) शिवाय त्या काळात पाटील हा गावचा हुद्दाही होता, महसुली पाटीलकी कायद्याने गेली ती १९६२ च्या कायद्याने, त्यामुळे 'पाटलांनी बोलावलं' यातला पाटील आडनावाने ठाकूरही निघू शकतो.

बायकांचं तर अजून अवघड. म्हात्र्यांची पोरगी पाटलांकडे दिली की आडनाव बदललं, कधीकधी पहिलं नावही बदललं, म्हणजे आधीच्या पानावरची एक मुलगी आणि नंतरच्या पानावरची एक सून या दोन व्यक्ती म्हणून मोजल्या जातात. पीप्सच्या डायरीतही बेटी लेन १६६४ मध्ये लग्न होऊन बेटी मार्टिन झाली. इथे गाळणी उलटी लावायची, आडनाव सोडून द्यायचं आणि लग्नाच्या तारखेच्या आजूबाजूला कोण गायब झालं, कोण नव्याने आलं ते बघायचं.

कॉम्प्युटरला सांगून होईल का? थोडंफार. साउंडेक्स नावाची पद्धत १९१८ पासून आहे, पहिलं अक्षर ठेवायचं आणि पुढच्या व्यंजनांना आकडे द्यायचे, म्हणजे स्पेलिंग वेगळं असलं तरी उच्चार जवळचा असेल तर कोड एकच येतो. इंग्रजी कागदांवर पाटील कधी एका स्पेलिंगने तर कधी दुसऱ्याच, तिथे हे कामी येतं. पण ती बनली इंग्रजीसाठी, त्यामुळे पाटील आणि पटेल दोघांचा कोड पी-३४०, आणि म्हात्रे, माथुर आणि आपली मेट्रो तिघांचा एम-३६०! मोडीत लिहिलेली डायरी असेल तर ऱ्हस्व-दीर्घाचा फरकच नाही, म्हणजे ते वेगळंच.

खरा खजिना आहे तो तलाठ्याकडचा. फेरफार नोंदीत माणूस गेला की वारसांची नावं नात्यासकट येतात, मुलगा, विधवा, भाऊ, सगळे. जमीन संपादनात गेलेल्या गावांतल्या घराघरात जमिनीच्या बदल्यात मिळणाऱ्या साडेबारा टक्क्यांच्या प्लॉटसाठी काढलेले जुने उतारे फाइलला लावलेले असतात, ते उघडून डायरीशेजारी ठेवा. शाळेचं जनरल रजिस्टर बघायला मिळालं तर अजून उत्तम, तिथे जन्मतारीख असते, भले ती बऱ्याचदा गुरुजींनी अंदाजे टाकलेली का असेना.

एक नियम मात्र पाळा. सुरुवातीला पाटील-१, पाटील-२, पाटील-३ असे वेगळेच ठेवा, घाईने एक करू नका. वेगळे ठेवलेले नंतर जोडता येतात, पण एकदा एक केलेली माणसं सोडवताना कुठली नोंद कोणाची ते आठवत नाही. फेलेगी-सुंटरच्या गणितातही तीन खाने आहेत, जुळलं, नाही जुळलं, आणि मधला 'माणसाने बघा'. त्या मधल्या खान्यातली पानं घेऊन गावातल्या एखाद्या ऐंशी-नव्वदीच्या आजीकडे जायचं, आणि 'हा पाटील कोण' असं विचारायचं नाही, ती म्हणेल कुठला रं पाटील. विचारायचं, तुमच्या लहानपणी मिठागराचा हिशोब कोण ठेवायचं, भजनात पेटी कोणाकडे होती, कोर्टाची केस कोणाच्या घरात चालू होती.