प्लेगच्या जिवाणूची लोहचोरी

1897 च्या सुरुवातीला प्लेगने पुण्याच्या पेठा रिकाम्या करायला घेतल्या. सावित्रीबाई फुले मुंढव्याच्या एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन मुलगा डॉ. यशवंत यांच्या दवाखान्यात आल्या आणि 10 मार्चला त्याच साथीत गेल्या. रँड, घरझडत्या, चाफेकर बंधू हा इतिहास आपल्याला शाळेपासून ठाऊक असतो. ज्या जिवाणूमुळे हे सगळे घडले, त्याच्याबद्दल मात्र आपण फारसे बोलत नाही. त्याचे नाव येर्सिनिया पेस्टिस. 1894 मध्ये हाँगकाँगच्या साथीत अलेक्झांडर येर्सिनने तो शोधून काढला होता.

जीवघेणा जिवाणू म्हटला की आपल्याला आधी विष आठवते. विषे असतातही. पण रोगकारक जनुके पाहू लागलो की त्यातली कितीतरी लोह मिळवण्यासाठी असतात, आणि काही हलायचे की जागीच थांबायचे हे ठरवतात. मला वाटते, संसर्ग समजून घ्यायचा तर सुरुवात इथूनच करावी.

आपल्या शरीरात तीन ते चार ग्रॅम लोह असते. ते मोकळे मात्र सापडत नाही. बरेचसे हिमोग्लोबिनमध्ये, साठ्यातले फेरिटिनमध्ये आणि रक्तातून ने-आण होणारे ट्रान्सफेरिन या प्रथिनाने घट्ट धरलेले. ही पकड इतकी पक्की असते की हिशेबाने एक लिटर रक्तद्रवात लोहाचा एखादा सुटा अणू मिळणेही मुश्कील. संसर्ग झाला की यकृत हेप्सिडिन नावाचे संप्रेरक सोडते, त्यामुळे आतड्यातून येणारे लोहही अडते. लोहाशिवाय जिवाणूचे श्वसन चालत नाही, डीएनए बनत नाही. म्हणजे समोर ताट वाढलेले, पण तिजोरीत बंद.

जिवाणूकडे यावर उपाय आहे. फर नावाचे त्याचे एक प्रथिन पेशीत लोह पुरेसे असेपर्यंत डीएनएवर बसून राहते आणि लोहाची जनुके बंद ठेवते. लोह संपत आले की ते तिथून सुटते आणि जनुके कामाला लागतात. त्यातून सिडेरोफोर नावाचे छोटे रेणू बनतात. ते बाहेर पडून ट्रान्सफेरिनकडचे लोह हिसकावतात, आणि जिवाणू त्यांना लोहासकट पुन्हा आत घेतो. शरीरही गप्प बसत नाही. ई. कोलाय या दुसऱ्या एका जिवाणूचा एंटेरोबॅक्टिन हा सिडेरोफोर आपल्या पांढऱ्या पेशी लिपोकॅलिन-2 या प्रथिनाने पकडतात. प्लेगच्या जिवाणूचा येर्सिनियाबॅक्टिन हा सिडेरोफोर मात्र या प्रथिनाच्या हाती लागत नाही.

प्लेगचा जिवाणू जीवघेणा ठरायला लोह लागते, याचा पुरावा फार आधी डोळ्यांना दिसला होता. रक्तातला हिमिन किंवा काँगो रेड हा रंग घातलेल्या बशीवर प्लेगचा जिवाणू 26 अंशांना वाढवला की त्याच्या वसाहती गडद होतात. मधूनच एखादी फिकट, जवळजवळ पांढरी वसाहत उगवते. या फिकट जिवाणूंनी उंदीर सहसा मरत नाहीत. 1956 मध्ये जॅक्सन आणि बरोज यांनी उंदरांना अशा जिवाणूंसोबत लोह टोचले, आणि ते जिवाणू पुन्हा जीवघेणे ठरले! फिकट जिवाणूत डीएनएचा सुमारे एक लाख अक्षरांचा एक अख्खा पट्टा गळालेला असतो, हे पुढे कळले. रंग धरणारी जनुके आणि येर्सिनियाबॅक्टिनची जनुके याच पट्ट्यात आहेत.

हा पट्टा नसलेला जिवाणू प्रयोगशाळेत निर्धोक मानत. 2009 मध्ये शिकागोत त्याच्यावर काम करणारा 60 वर्षांचा एक शास्त्रज्ञ त्याच जिवाणूच्या संसर्गाने दगावला. त्याला हिमोक्रोमॅटोसिस, म्हणजे अंगात लोह साचत जाण्याचा आनुवंशिक विकार होता, हे मृत्यूनंतर उघड झाले. चोरी करता न येणाऱ्या जिवाणूला तिथे बहुधा लोह आयतेच मिळाले. (हे वाचून कुणी रक्तक्षयावरची गोळी परस्पर बंद करू नये. आपल्याकडे लोहाची कमतरता हेच मोठे दुखणे आहे. संसर्ग अंगात असताना शिरेतून लोह द्यायचे का, हे डॉक्टर पाहतील.)

आता हालचाल. प्लेगचा जिवाणू पोहू शकत नाही. ज्याच्यापासून तो काही हजार वर्षांपूर्वी वेगळा झाला, तो येर्सिनिया स्यूडोट्युबरक्युलोसिस थंड वातावरणात कशाभिका, म्हणजे शेपटीसारखे तंतू, फिरवत पोहतो. कशाभिकेसाठी पन्नासच्या आसपास जनुके लागतात. त्यांचे मुख्य बटण असलेले फ्लएचडी जनुक प्लेगच्या जिवाणूत बिघडलेले आहे. त्याने त्याचे काही अडले नाही. त्याला पिसू वाहून नेते, आणि पिसवेच्या पचनमार्गात गोळा होऊन चिकटून राहण्याची जनुके वर सांगितलेल्या त्याच पट्ट्यात, लोहाच्या जनुकांच्या शेजारी आहेत. शिवाय कशाभिकेतले फ्लॅजेलिन हे प्रथिन आपली प्रतिकारयंत्रणा लगेच ओळखते. ते नसलेलेच बरे.

मूत्रमार्गाच्या संसर्गातला ई. कोलाय पोहणे आणि चिकटून राहणे ही दोन्ही कामे आलटून पालटून करतो. पुण्यातल्या कुठल्याही पॅथॉलॉजी लॅबमध्ये युरिन कल्चरच्या रिपोर्टवर हे नाव सारखे दिसते. मूत्राशयातून मूत्रपिंडाकडे चढायला त्याला कशाभिका लागतात. पेशीला धरून बसायचे असेल तेव्हा तो चिकट तंतू काढतो, आणि त्या तंतूंच्या जनुकांच्या टोकाला असलेले पॅपएक्स हे जनुक पोहणे बंद करते. यातल्या अनेक ई. कोलायांकडे येर्सिनियाबॅक्टिनची जनुकेही आहेत.

लोहाच्या या भुकेचा औषधाला उपयोग होतो. 2019 मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेल्या सेफिडेरोकॉल या प्रतिजैविकाला सिडेरोफोरसारखे एक शेपूट जोडलेले आहे. ते लोह धरते आणि जिवाणू त्याला स्वतःच आत ओढून घेतो. ज्या वाटेने लोह आत येते ती वाट बदललेले, आणि म्हणून या औषधाला न जुमानणारे जिवाणूही रुग्णांमध्ये सापडले आहेत.