एक सर्व्हर, अनेक प्रकल्प: लॉगिनमागचा इतिहास

वसंतदादा पाटलांच्या मुख्यमंत्रिपदाच्या काळात, 1983 मध्ये, विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना वाट मिळाली आणि शेगाव, पुसद अशा गावांत खेड्यातली पोरं संगणक शिकू लागली. अशा महाविद्यालयांत आजही शेवटच्या वर्षाचे प्रकल्प बरेचदा एकाच सर्व्हरवर, म्हणजे सगळ्यांच्या सामाईक संगणकावर, चढतात. एका गटाची कापूस खरेदीची नोंद, दुसऱ्याची ग्रामपंचायतीची पाणीपट्टी. सर्व्हरचा पासवर्ड सगळ्या गटांत फिरतो आणि प्रत्येक अ‍ॅपमध्ये 'अ‍ॅडमिन' नावाचं एकच खातं असतं. याला आळस म्हणणं मला पटत नाही. यंत्र एक, वापरणारे अनेक, या टंचाईतून ही सवय आली. गंमत अशी की संगणकावरचा पासवर्डही याच टंचाईतून आला.

1961 मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीत फर्नांडो कोर्बाटो यांच्या गटाने सीटीएसएस ही प्रणाली दाखवली. एका महागड्या संगणकावर अनेकांनी एकाच वेळी काम करायचं होतं, म्हणून प्रत्येकाच्या फायली वेगळ्या ठेवायला आणि वेळेचा वाटा मोजायला पासवर्ड आला. पुढच्याच वर्षी अ‍ॅलन शेर या संशोधक विद्यार्थ्याला वाट्याचा वेळ पुरेना, तेव्हा इतरांच्या नावाने शिरता यावं म्हणून त्याने पासवर्डची अख्खी फाईलच छापून घेतली. पासवर्ड जसेच्या तसे साठवले होते, म्हणून हे जमलं. पासवर्डमध्ये 'सॉल्ट' (मुद्दाम जोडलेली वेगळी अक्षरं) मिसळून त्याचं फक्त उलट न फिरवता येणारं रूप जपायची, युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टीममधली पद्धत रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्प्सन यांनी 1979 मध्ये सविस्तर मांडली. तरीही विद्यार्थ्यांच्या डेटाबेसमध्ये उघडे पासवर्ड अजून दिसतात, आणि ते पाहून वाईट वाटतं.

वेब आलं तेव्हा डिप्लॉय करणं, म्हणजे आपलं काम सर्व्हरवर चढवणं, म्हणजे आपल्या फोल्डरमध्ये फाईल टाकणं, एवढंच होतं. 1993 मध्ये सीजीआय, म्हणजे वेब सर्व्हरमधून प्रोग्रॅम चालवायची पद्धत, आली; पानांच्या जागी प्रोग्रॅम चालू लागले आणि गुंता झाला. प्रोग्रॅम कोणाचाही असो, तो सर्व्हरच्या एकाच सामाईक खात्याच्या नावाने चाले. म्हणजे एका गटाचा कोड दुसऱ्या गटाचा डेटाबेस पासवर्ड वाचू शके. अपाचे या वेब सर्व्हरने 1997 च्या सुमारास सुएक्झेक नावाची सोय देऊन प्रोग्रॅम त्याच्या मालकाच्या नावाने चालवणं शक्य केलं. 2013 मध्ये डॉकर हे साधन आल्यावर प्रत्येक अ‍ॅपला वेगळा कप्पा देणं सोपं झालं.

ब्राउझरच्या बाजूची अडचण मात्र अजून अनेकांच्या लक्षात येत नाही. एचटीटीपीला (ब्राउझर आणि सर्व्हर ज्या नियमांनी बोलतात त्याला) स्वतःची आठवण नाही. आधीची विनंती कोणाची होती हे त्याला ठाऊक नसतं. म्हणून 1994 मध्ये नेटस्केपच्या लू मोंटुली यांनी कुकी, म्हणजे ब्राउझरमध्ये जपली जाणारी छोटी खूण, आणली. कुकी होस्टच्या नावाशी (सर्व्हरच्या पत्त्याशी) बांधलेली असते, पोर्टशी (त्या पत्त्यावरच्या क्रमांकाच्या दाराशी) नाही. त्यामुळे एकाच पत्त्यावर एक गट 3001 पोर्टवर आणि दुसरा 3002 वर असेल आणि दोघांच्या सेशन कुकीचं, म्हणजे लॉगिन आठवणीत ठेवणाऱ्या कुकीचं, नाव सारखं असेल, तर त्याच ब्राउझरमध्ये एका गटाच्या अ‍ॅपमध्ये लॉगिन केलं की दुसऱ्या गटाच्या अ‍ॅपमधून माणूस बाहेर फेकला जातो. पोरं रात्रभर आपल्या कोडमध्ये चूक शोधत बसतात. पोर्ट एकच ठेवून फक्त फोल्डर वेगळे केले, तर धोका वाढतो: ब्राउझरच्या लेखी ते सगळं एकच ठिकाण, म्हणून एका अ‍ॅपची जावास्क्रिप्ट दुसऱ्यात लॉगिन असलेल्या माणसाच्या नावाने कामं करू शकते. प्रत्येक अ‍ॅपला स्वतंत्र सबडोमेन (मुख्य पत्त्याआधी वेगळं नाव जोडून केलेला पत्ता) द्यावं, हा उपाय यातूनच आला. 2015 अखेर लेट्स एन्क्रिप्टची, संकेतस्थळ सुरक्षित करणारी, फुकट प्रमाणपत्रं सर्वांना खुली झाल्यावर त्यात खर्चाची अडचणही उरली नाही.

सर्व्हरवर शिरायची चांगली वाट तर त्याहून जुनी आहे. हेलसिंकीच्या तंत्रज्ञान विद्यापीठातल्या नेटवर्कवर पासवर्ड चोरले गेले, तेव्हा टाटू यलोनेन यांनी 1995 मध्ये एसएसएच, म्हणजे सर्व्हरवर सुरक्षितपणे शिरायचं साधन, लिहिलं. त्यात खातं एकच ठेवलं तरी प्रत्येकाची किल्ली (पासवर्डऐवजी ओळख पटवणारी फाईल) वेगळी ठेवता येते. एखादा मुलगा पास होऊन गेला, की किल्ल्यांच्या यादीतली त्याची एक ओळ पुसायची.

गावात हे कामाचं ठरतं ते कापूस खरेदीच्या वजनकाट्यावर. कास्तकार वजनाबद्दल किंवा ओलाव्याच्या कपातीबद्दल हरकत घेतो, तेव्हा नोंद कोणी केली आणि नंतर कोणी बदलली, हे दाखवावं लागतं. तिथे 'अ‍ॅडमिन' एवढंच दिसलं तर कास्तकाराला बोट दाखवायलाही कोणी उरत नाही. कास्तकाराच्या फोनवर ओटीपी पाठवूनही हे आपोआप सुटत नाही, कारण अनेक घरांत फोन एकच असतो आणि बरेचदा तो मुलाच्या खिशात असतो. म्हणून संगणक एकच असला तरी काट्यावरच्या प्रत्येक ऑपरेटरचं खातं वेगळं हवं, आणि पावतीवर त्याचं नाव छापलेलं हवं.