भिंतीवरची अळी, घोंगडीतली अळी

पावसाळ्यात पुण्यातल्या तळमजल्यावरच्या घरात, ओल धरलेल्या भिंतीवर भोपळ्याच्या बीसारखी चपटी, राखाडी पिशवी चिकटलेली दिसते. जरा वेळ लक्ष ठेवलं की ती सरकते. ही फेरिओइका उटेरेला या पतंगाची अळी. लोकर खाणारी टिनिया पेलिओनेला त्याच टिनिइडी कुळातली. दोन्ही अळ्या अंगाभोवती कोश घेऊन हिंडतात. म्हणून सरसकट ‘कसर लागली’ म्हणत डांबरगोळ्या आणल्या जातात.

ओळख कोशावरूनच करावी. पतंग दोन्हींचे करडे, पंख पसरून जेमतेम सव्वा सेंटिमीटरचे, आणि पंखांवरचे ठिपके पुसट होत जातात. भिंतीवरचा कोश ८ ते १४ मिमी लांब, मध्ये ३ ते ५ मिमी रुंद. आतून मऊ रेशीम, बाहेरून वाळूचे कण, रंगाचे पोपडे, धूळ. दोन्ही टोकांना चीर असते. अळी आतल्या आत वळून कुठल्याही टोकातून डोकं काढते. पेलिओनेलाचा कोश नळीसारखा आणि ज्या कापडावर ती वाढते त्याच्याच रंगाचा, त्यामुळे पटकन दिसत नाही. वाढताना ती कोश उभा चिरून मध्ये नवी पट्टी विणते. १८व्या शतकात फ्रान्समधला निसर्गअभ्यासक रेओम्यूर याने अशा अळ्या एका रंगाच्या कापडावरून दुसऱ्या रंगाच्या कापडावर ठेवल्या. नवी भर वेगळ्या रंगात उठून दिसली.

भिंतीवरची मुख्यतः जुनी जळमटं आणि मेलेले किडे खाते. केस-लोकरही चालते, पण तिला दमट हवा लागते. जळमटं काढा, कोश झाडून टाका, ओलीचा बंदोबस्त करा. कोशावर फवारा मारून फारसं साधत नाही, आतली अळी झाकलेली राहते.

पेलिओनेलाला लोकर, पिसं, केस पचतात. घोंगडी, अस्सल लोकरीची शाल, हार्मोनियमच्या पट्ट्यांखालचं लोकरी फेल्ट (दाबून केलेलं जाड कापड) तपासा. (सत्कारात मिळणाऱ्या शाली बहुधा ॲक्रिलिकच्या, त्या सुखरूप असतात.) उन्हात घड्या उलगडून ब्रशने झटका, शिवणी विसरू नका. मग प्लास्टिकच्या पिशवीत हवा दाबून काढून, तोंड घट्ट बंद करून उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका, नाहीतर थंड लोकरीवर पाणी सुटतं. दिवसभर तशीच राहू द्या. उघड्या कपाटातल्या डांबरगोळ्यांचा नुसता वासच येतो. वाफ साठायला हवाबंद पेटी लागते, आणि लहान मुलं असलेल्या घरात त्या नकोतच.