कॅथरिन पार

पार, कॅथरिन : (१५१२–५ सप्टेंबर १५४८). इंग्लंडचा राजा आठवा हेन्री याची सहावी व शेवटची राणी आणि धर्मलेखिका. स्वतःच्या नावाने इंग्रजीत पुस्तक छापून आणणारी ती पहिली इंग्रज स्त्री होय. ‘हेन्रीच्या हातून वाचलेली राणी’ एवढीच तिची ओळख सहसा करून दिली जाते. ही ओळख अपुरी आहे आणि नेमकीही नाही, कारण हेन्रीची चौथी राणी अ‍ॅन ऑफ क्लीव्ह्‌ज १५५७ पर्यंत, म्हणजे कॅथरिनच्या मृत्यूनंतरही नऊ वर्षे जगली.

वडील सर टॉमस पार हे केंडलच्या घराण्यातले. ते १५१७ मध्ये वारले. आई मॉड ही राणी कॅथरिन ऑफ अ‍ॅरॅगॉनच्या सेवेत होती आणि मुलांच्या शिक्षणाकडे तिनेच लक्ष पुरवले. कॅथरिनचे पहिले लग्न १५२९ मध्ये एडवर्ड बर्गशी झाले. हा नवरा म्हातारा व वेडसर होता असे जुन्या चरित्रांत आढळते. तो घोटाळा नावामुळे झाला. म्हातारे होते ते त्याच नावाचे आजोबा. कॅथरिनचा नवरा तरुण होता. तो १५३३ मध्ये वारला. पुढच्या वर्षी तिने यॉर्कशरमधील लॉर्ड लॅटिमरशी लग्न केले. १५३६ मध्ये उत्तर इंग्लंडात मठ बंद करण्याविरुद्ध बंड उसळले तेव्हा बंडखोरांनी लॅटिमरला आपल्यात ओढले आणि जानेवारी १५३७ मध्ये स्नेप येथील त्याच्या वाड्यात कॅथरिनला व सावत्र मुलांना ओलीस धरले. मार्च १५४३ मध्ये लॅटिमर वारला. तिचे मन हेन्रीची तिसरी राणी जेन सीमोर हिचा भाऊ टॉमस सीमोर याच्यावर जडले होते, पण राजाची मागणी आली आणि १२ जुलै १५४३ रोजी हॅम्प्टन कोर्टात तिचे हेन्रीशी लग्न लागले.

१५४४ च्या उन्हाळ्यात हेन्री बुलोनच्या वेढ्यासाठी फ्रान्सला गेला, तेव्हा राज्यकारभार त्याने कॅथरिनच्या हाती दिला. हे मानापुरते पद नव्हते. जुलैपासून सप्टेंबरअखेरपर्यंत तिने आर्चबिशप क्रॅन्मर, अर्ल ऑफ हर्टफर्ड आदी सल्लागारांच्या साहाय्याने जाहीरनामे काढले, फौजेसाठी पैसा व रसद धाडली, स्कॉटलंडच्या सीमेवर नजर ठेवली आणि प्लेगची लागण झालेल्या घरांतील लोकांना दरबारात येण्यास मनाई केली. सहीत ती राणीपदानंतर स्वतःच्या नावाची व माहेरच्या आडनावाची ‘के. पी.’ ही आद्याक्षरे कायम लिहीत असे. तिची कागदपत्रे ओळखण्याची ही सोपी खूण आहे.

तिच्या लेखनाचा क्रम त्या काळच्या कायद्याशी ताडून पाहावा लागतो. १५४३ च्या कायद्याने इंग्रजी बायबल वाचण्यावर निर्बंध आले: खानदानी स्त्रियांनी ते एकांतात, स्वतःपुरते वाचावे, त्याखालच्या वर्गातील स्त्रियांनी मुळीच वाचू नये. अशा वेळी सिद्धान्तावर लिहिणे धोक्याचे होते, प्रार्थना लिहिणे तितके नव्हते. कॅथरिनने सुरुवात प्रार्थनेपासून केली. एप्रिल १५४४ मध्ये टॉमस बर्थलेटने छापलेले ‘स्तोत्रे अथवा प्रार्थना’ हे पुस्तक निनावी होते. अभ्यासक ते तिचे भाषांतर मानतात. मूळ लॅटिन ग्रंथ बिशप जॉन फिशर यांच्या नावावर आहे. राजाला चर्चचा प्रमुख मानण्यास नकार दिल्याबद्दल १५३५ मध्ये हेन्रीने त्यांचा शिरच्छेद करवला होता, म्हणून पुस्तकात त्यांचे नाव येणे शक्यच नव्हते.

१५४५ चे ‘प्रार्थना अथवा चिंतने’ मात्र राणीच्या नावाने निघाले. आधार होता टॉमस आ केंपिसच्या ‘इमिटेशन ऑफ ख्राइस्ट’च्या तिसऱ्या भागाच्या इंग्रजी भाषांतराचा. तिचे काम संकलनाचे म्हणून हिणवणे चुकीचे ठरेल, कारण तिने काय गाळले ते पाहण्यासारखे आहे. मूळ ग्रंथ ख्रिस्त आणि शिष्य यांचा संवाद आहे. तिने ख्रिस्ताचे बोलणे काढून एकाच भक्ताचा आवाज ठेवला. ‘माझ्या मुला’ ही हाक गेली आणि मठातील जीवनाचे संदर्भही गेले. त्यामुळे जे पुस्तक मठवासी पुरुषासाठी होते ते घरातल्या कोणाही स्त्री-पुरुषाला स्वतःच्या तोंडाने म्हणता येऊ लागले. सावत्र मुलगी एलिझाबेथने बाराव्या वर्षी त्याचे लॅटिन, फ्रेंच व इटालियन भाषांतर करून नववर्षाची भेट म्हणून वडिलांना दिले. स्वतःच्या हाताने कशिदा काढलेल्या वेष्टनातली ती प्रत आजही ब्रिटिश लायब्ररीत आहे. डच विद्वान इरॅस्मसच्या शुभवर्तमानांवरील विवरणांचे इंग्रजी भाषांतरही कॅथरिनच्या पुढाकाराने सुरू झाले. योहानाच्या भागावर राजकन्या मेरीने काम केले, ही गोष्ट मेरीच्या राणी म्हणून पुढच्या कट्टर कॅथलिक कारकिर्दीकडे पाहता विशेष वाटते.

१५४६ मध्ये वारे फिरले. अ‍ॅन अ‍ॅस्क्यू या प्रोटेस्टंट स्त्रीचा लंडनच्या टॉवर किल्ल्यात छळ करून तिला राणीच्या भोवतालच्या स्त्रियांची नावे विचारण्यात आली आणि १६ जुलै रोजी स्मिथफील्डला जाळण्यात आले. बिशप गार्डिनर व लॉर्ड चॅन्सेलर रायथ्सली यांनी राणीच्या अटकेचा घाट घातला, तिला वेळीच सुगावा लागला आणि आपण राजाशी धर्मावर वाद घालतो तो राजाच्या दुखऱ्या पायावरून त्याचे मन हटावे व त्याच्याकडून शिकावे म्हणून, असे सांगून तिने स्वतःला वाचवले, ही हकीकत प्रोटेस्टंट हुतात्म्यांचा इतिहासकार जॉन फॉक्स याने दिली आहे. ती बऱ्याच वर्षांनंतर लिहिलेली आहे. संवाद शब्दशः धरू नयेत.

‘पापी जिवाचा विलाप’ हे तिचे सर्वांत स्वतंत्र पुस्तक नोव्हेंबर १५४७ मध्ये, हेन्रीच्या मृत्यूनंतर छापले गेले. प्रस्तावना पुढे एलिझाबेथचा मुख्य मंत्री झालेल्या विल्यम सेसिलची होती. केवळ श्रद्धेनेच तारण होते हा ल्यूथरचा सिद्धान्त त्यात उघड मांडला आहे. राजा हयात असता हे छापणे जिवावर बेतले असते. आपण पूर्वी अज्ञानात व हट्टात होतो अशी कबुली देऊन ती सुरुवात करते. राणीने छापील पुस्तकात स्वतःची अशी झाडाझडती घ्यावी, याला इंग्रजीत आधीचे उदाहरण सापडणे अवघड आहे. हेन्रीला मात्र तिने यातही बायबलमधील कथेच्या धर्तीवर पोपरूपी फॅरोच्या (इजिप्तच्या राजाच्या) तावडीतून सोडवणाऱ्या मोशेची उपमा दिली आहे.

जानेवारी १५४७ मध्ये हेन्री वारल्यावर काही महिन्यांतच तिने गुपचूप टॉमस सीमोरशी लग्न केले. घरात राहणाऱ्या किशोरवयीन एलिझाबेथशी सीमोरने चालवलेल्या लगटीमुळे १५४८ मध्ये एलिझाबेथला दुसरीकडे पाठवावे लागले. ३० ऑगस्ट १५४८ रोजी ग्लॉस्टरशरमधील स्यूडली किल्ल्यात कॅथरिनला मुलगी झाली आणि सहा दिवसांनी सूतिकाज्वराने कॅथरिनचा अंत झाला. अंत्यविधी इंग्रजीत झाला, बायबलचा इंग्रजी भाषांतरकार माइल्स कव्हरडेलने प्रवचन दिले आणि शोकाचा मुख्य मान पुढे १५५३ मध्ये काही दिवस राणी झालेल्या लेडी जेन ग्रेने सांभाळला. सीमोरचा मार्च १५४९ मध्ये शिरच्छेद झाला. त्यांची मुलगी मेरी हिचा उल्लेख १५५० नंतर कागदपत्रांत मिळत नाही.

लंडनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीतील मास्टर जॉन या चित्रकाराचे पूर्णाकृती चित्र अनेक वर्षे जेन ग्रेचे म्हणून ओळखले जाई. चित्रातील दागिन्यांची राणीच्या दागिन्यांच्या यादीशी तुलना झाल्यावर १९९० च्या दशकात ते कॅथरिनचे ठरले. जुन्या पुस्तकांत ते जेनच्या नावाखाली छापलेले अजूनही आढळते.